सरकारनेच दिलेली जमीन बेकायदा कशी ठरते?

पुण्याच्या कोंढवा बुद्रुकमध्ये २९ एकर १५ गुंठ्यांचा, म्हणजे ११.८९ हेक्टरचा एक तुकडा आहे. तो १८७९ साली राखीव वन म्हणून जाहीर झाला होता. १९९८ मध्ये तो एका कुटुंबाला शेतीसाठी देण्यात आला. पूर्वजांची शेतजमीन सार्वजनिक कामासाठी गेली, तिच्या बदल्यात ही जमीन, असं कारण दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी ती एका गृहनिर्माण संस्थेला विकायची परवानगी मिळाली. २००७ मध्ये तिथल्या बांधकामाला केंद्राची पर्यावरण मंजुरीही आली. आणि १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाटप, विक्रीची परवानगी आणि मंजुरी, तिन्ही बेकायदा ठरवून जमीन तीन महिन्यांत वनखात्याच्या ताब्यात द्यायला सांगितली.

बातमी वाचून अनेकांच्या मनात एकच प्रश्न आला. मंत्रालयातून आदेश, विभागीय आयुक्तांची परवानगी, खरेदीखत, केंद्राचं पत्र, एवढे सगळे कागद असताना ती जमीन बेकायदा कशी? अतिक्रमण समजतं. रात्रीतून पत्रे ठोकले, कुंपण घातलं, ते चूकच. पण इथे तर सरकारनेच दिली होती.

गोंधळ इथेच आहे. आपण जमिनीच्या बाबतीत ‘कागद आहे का?’ एवढंच विचारायला शिकलो आहोत. सार्वजनिक जमिनीच्या वादात तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की ज्याने तो कागद दिला, त्याला तो देण्याचा अधिकार होता का, आणि तो त्याने कायद्याने सांगितलेल्या रीतीने वापरला का?

## सरकारी जमीन कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ या कायद्याचं कलम २० सांगतं, की जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती राज्य सरकारची. रस्ते, नाले, नद्यांची पात्रं, पडीक जमिनी, सगळं यात आलं. कलम २२ नुसार जिल्हाधिकारी यातल्या काही जमिनी ठरावीक कामासाठी राखून ठेवतात: गावच्या गुरांना चरायला, स्मशानाला, बाजाराला, खळ्याला, गावठाणाला. गुरांसाठी राखलेली जमीन म्हणजे गायरान. एकदा राखली, की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

पण इथलं ‘सरकारची’ हे घरमालकाच्या मालकीसारखं नाही. सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. तो गच्ची कधी उघडायची ते ठरवू शकतो, टाकी बसवू शकतो, सभेत ठराव करून एखाद्या कार्यक्रमाला भाड्यानेही देऊ शकतो. पण ‘किल्ली माझ्याकडे आहे’ म्हणून त्याने गच्चीचा अर्धा भाग भावाच्या नावे लिहून दिला, तर त्या लिहून देण्याला काही अर्थ नाही. खाली सही खरी असली तरीही नाही.

कायद्यात याला सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व म्हणतात. सरकार हे नद्या, जंगलं, किनारे, मोकळ्या जागा यांचं मालक नसून जनतेच्या वतीने सांभाळ करणारं विश्वस्त आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हे तत्त्व ठळकपणे मांडलं गेलं ते १९९६ च्या डिसेंबरात, हिमाचलमधल्या बियास नदीकाठच्या प्रकरणात. तिथे एका हॉटेल कंपनीला नदीलगतची वनजमीन भाडेपट्ट्याने दिली होती आणि हॉटेल वाचवण्यासाठी नदीचा प्रवाह वळवण्यापर्यंत मजल गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. नदीकाठ खासगी फायद्यासाठी देऊन टाकणं हा विश्वासाचा भंग आहे, हे त्या निकालाचं सार.

## मग सरकारने जमीन कोणाला द्यायचीच नाही का?

द्यायची. देतंही, आणि अनेकदा द्यायलाच हवी. भूमिहीन, माजी सैनिक, धरणग्रस्त, शाळा, रुग्णालयं, सहकारी संस्था अशा कितीतरी जणांना सरकारी जमीन कायद्याने मिळाली आहे. त्यासाठी महसूल अधिनियमात तरतुदी आहेत आणि १९७१ चे सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे नियम आहेत. दिलेल्या जमिनीवर बहुतेक वेळा शर्त असते. परवानगीशिवाय विकायची नाही, दिलेल्या कामासाठीच वापरायची. अशी जमीन धारण करणाऱ्याला ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणतात. शर्त मोडली तर त्याला शर्तभंग म्हणतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

प्रत्येक वेळी लिलावच केला पाहिजे, असंही नाही. कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयाची काही जमीन पंचतारांकित हॉटेलला दिली गेली, ती लिलावाशिवाय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये न्यायालयाने ते वाटप टिकवलं. सरकारने सगळ्या बाजू उघडपणे तपासल्या होत्या, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. पुढे २०१२ मध्ये टू-जी स्पेक्ट्रमच्या निकालानंतर राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देतानाही न्यायालय म्हणालं, की नैसर्गिक संपत्ती देण्याचा लिलाव हा एकच मार्ग नाही. मार्ग कोणताही असो, तो मनमानी नसावा.

म्हणून ‘सरकारी जमीन खासगी माणसाला दिली’ एवढ्यावरून घोटाळा सिद्ध होत नाही. चूक शोधायची ती वेगळ्या जागी.

## चूक नेमकी कुठे होते?

सगळ्यात ढोबळ चूक अधिकाराची. कोंढव्याची जमीन राखीव वन होती. १९८० च्या वन (संवर्धन) कायद्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्र सरकारची आगाऊ मंजुरी लागते. राज्याच्या महसूल यंत्रणेला ती परस्पर शेतीला देता येत नाही, मग विकायला परवानगी देणं तर दूरच. पण प्रत्यक्षात राज्यात अशा कितीतरी वनजमिनी आहेत, ज्या कायद्याने वनं आहेत आणि ताबा मात्र महसूल खात्याकडे आहे. तहसील कचेरीतल्या नोंदवहीत ‘सरकारी’ दिसलं, की ती वाटायला मोकळी आहे असं समजलं जातं. किंवा समजल्याचं दाखवलं जातं. कोंढव्याच्या निकालात न्यायालयाने तत्कालीन महसूलमंत्री आणि तत्कालीन विभागीय आयुक्त या दोघांनी विश्वस्ताचं तत्त्व पूर्णपणे बाजूला सारल्याचं म्हटलं. मागासवर्गीय कुटुंबाच्या पुनर्वसनाचं नाव पुढे करून राजकारणी, नोकरशहा आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या संगनमताने जंगल व्यापारी वापराकडे कसं वळतं, त्याचा हा नमुना असल्याचंही न्यायालयाने नोंदवलं.

गायरानाचंही तसंच. महसूल अधिनियमात पुढे घातलेलं कलम २२-अ स्पष्ट आहे. गायरान दुसऱ्या वापरासाठी द्यायचं नाही. सार्वजनिक प्रकल्पासाठी दुसरी योग्य सरकारी जमीनच नसेल तरच अपवाद. खासगी प्रकल्पाला ते टाळताच येण्यासारखं नसेल, तर त्या प्रकल्पवाल्याने बदल्यात दुप्पट क्षेत्राची आणि किमान तेवढ्याच किमतीची जमीन सरकारला द्यायची. एखाद्या व्यक्तीला वैयक्तिक म्हणून गायरान बहाल करायला यात जागाच नाही. तरी जून २०२२ मध्ये वाशीम जिल्ह्यातलं सुमारे ३७ एकर गायरान एका खासगी व्यक्तीला देण्याचा आदेश तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी काढला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला स्थगिती दिली आणि त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात त्यावरून रणकंदन झालं. स्थगिती म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. पण असा आदेश निघू शकतो, हेच मला अस्वस्थ करणारं वाटतं.

दुसरी चूक रीतीची. अधिकार आहे, पण वापरला तो बंद खोलीत. भोपाळमध्ये एका राजकीय नेत्याच्या स्मारक न्यासाला २० एकर जमीन दिली गेली. जाहिरात नाही, दुसऱ्या कोणाचे अर्ज मागवले नाहीत. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं. सरकारी संपत्ती द्यायची तर धोरण आधी ठरलेलं असलं पाहिजे, ते लोकांना माहीत असलं पाहिजे आणि पात्र असणाऱ्या प्रत्येकाला अर्ज करायची संधी मिळाली पाहिजे. एका अर्जावर शेरा मारून जमीन देणं हे राज्यघटनेच्या कलम १४ मधल्या समानतेच्या विरुद्ध जातं.

आणि कधी कधी धोरण असतं, पण धोरणच वाकडं असतं. हैदराबादमध्ये खासदार, आमदार, सनदी अधिकारी, न्यायाधीश, पत्रकार यांच्या गृहनिर्माण संस्थांना सवलतीच्या दरात मोक्याची जमीन द्यायचे आदेश २००५ आणि २००८ मध्ये निघाले. सगळं लेखी, नियमात बसवलेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. ज्यांच्याकडे आधीच सत्ता आणि साधनं आहेत, त्यांचाच एक वेगळा वर्ग करून त्यांना स्वस्तात जमीन देणं ही समानता नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. त्या लाभार्थ्यांत न्यायाधीशही होते. या सगळ्या निकालांत मला हा सर्वांत धीराचा वाटतो.

## सातबाऱ्यावर नाव लागलं, मग काय राहिलं?

बरंच राहिलं. हा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण सामान्य माणूस फसतो तो इथे.

सातबारा हा मालकीचा दाखला आहे, असं आपण धरून चालतो. कायद्याने तो महसूल वसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, हे कलम १५७ सांगतं. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे. फेरफार मंजूर झाल्याने मालकी तयार होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. फेरफार हा मागच्या व्यवहाराची नोंद घेतो. मागचा व्यवहारच पोकळ असेल, तर नोंदही पोकळ.

मग बघायचं काय? सातबाऱ्यावर सगळ्यात आधी ‘भूधारणा पद्धती’ बघा. तिथे वर्ग २ असेल, तर ही जमीन कधीतरी शर्तीवर मिळालेली आहे. मग ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. विक्रीला मनाई, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, वन, गुरचरण, पुनर्वसन असे शेरे तिथे असतात आणि घाईत वाचले जात नाहीत. त्यानंतर फेरफारांचे नंबर घेऊन मागे जायचं, जिथे पहिल्यांदा ‘सरकार’ हे नाव जाऊन खासगी नाव आलं तिथपर्यंत. त्या फेरफारात कुठल्यातरी आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. तो आदेश मिळवायचा. माहितीच्या अधिकारात मिळतो. आदेश कोणी काढला, कोणत्या कलमाखाली, कोणत्या शर्तींवर, हे त्यातच असतं.

याच्या जोडीला गावपातळीवरच्या नोंदवह्या आहेत, ज्यांच्याकडे वकीलसुद्धा कमी वेळा वळतात. गाव नमुना १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये कोणाला न दिलेल्या सरकारी जमिनी, १-क मध्ये शर्तीवर दिलेल्या जमिनी, १-इ मध्ये अतिक्रमणं. एखादा गट नंबर १-अ मध्ये असेल आणि सातबाऱ्यावर मात्र शेतकऱ्याचं नाव असेल, तर दोन्हींपैकी एका ठिकाणी काहीतरी चुकलेलं आहे. ते कळल्याशिवाय बयाणा देऊ नये.

नजराणा, म्हणजे सरकारने ठरवलेली रक्कम, भरून वर्ग २ ची जमीन वर्ग १, म्हणजे विक्रीच्या शर्तीतून मोकळी, करून घेता येते, हे खरं आहे आणि कायदेशीर आहे. पण मूळ वाटपच अधिकाराबाहेरचं असेल, तर वर्ग बदलल्याने त्याचा पाया बदलत नाही.

## ‘पण आम्ही तर पैसे मोजून घेतली’

सगळ्यात दुखरा प्रश्न हा. वाटप झालं एकाला, त्याने विकली दुसऱ्याला, दुसऱ्याने इमारत बांधली, आणि तिसऱ्याने कर्ज काढून त्यात घर घेतलं. या तिसऱ्याचा काय दोष?

दोष नसेलही. पण मालमत्तेच्या कायद्याचा मूळ नियम असा, की आपल्याजवळ जेवढा हक्क आहे त्याहून जास्त दुसऱ्याला देता येत नाही. पहिल्याला हक्क मिळालाच नसेल, तर साखळीतल्या पुढच्या कोणालाच मिळत नाही, मग त्याने कितीही प्रामाणिकपणे पैसे दिलेले असोत. जमीन सार्वजनिक असेल तेव्हा न्यायालयं या बाबतीत अधिकच कठोर असतात, कारण समोरच्या पारड्यात एक विक्रेता नसून सगळा समाज असतो.

याचा अर्थ खरेदीदार उघड्यावर पडतो असा नाही. विकणाऱ्याने निर्वेध मालकीची हमी दिलेली असते, ती मोडल्याबद्दल त्याच्याकडून भरपाई मागता येते. घर बिल्डरकडून घेतलं असेल तर रेराचं, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्याचं, कलम १८ (२) फार कामाचं आहे. जमिनीच्या सदोष मालकीमुळे घर घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि या मागणीला मुदतीचं बंधन नाही. हैदराबादच्या निकालातही, रद्द झालेल्या वाटपापोटी संस्थांनी भरलेले पैसे, मुद्रांक शुल्क आणि विकास शुल्क व्याजासह परत करायला न्यायालयाने सांगितलं होतं. पैसे परत मिळणं म्हणजे घर परत मिळणं नव्हे, हे कबूल. म्हणूनच आदेशापर्यंत मागे जाऊन बघण्याचा आग्रह वर धरला.

## ‘इतकी वर्षं झाली, आता कशाला उकरायचं?’

या आक्षेपात थोडं तथ्य आहे. सरकारला हवं तेव्हा, हवी ती जुनी फाईल काढून लोकांची जमीन हिरावता येत नाही. महसूल अधिनियमाच्या कलम २५७ खाली वरिष्ठ अधिकारी किंवा सरकार जुना आदेश तपासू शकतात, याला पुनरीक्षण म्हणतात. पण हा अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. २००९ च्या एका निकालात महाराष्ट्रातल्याच प्रकरणात १७ वर्षांनी उघडलेलं पुनरीक्षण न्यायालयाने चुकीचं ठरवलं. फसवणूक झाली असेल तरी ती उघड झाल्यावर सरकारने हातावर हात धरून बसून चालत नाही. आणि कोणाचीही जमीन काढून घेण्याआधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. हे नियम साध्या माणसाचं संरक्षण आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत.

पण एक फरक आहे. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने चुकीचा निर्णय दिला, ही एक गोष्ट. अधिकारच नसलेल्याने दिला, ही दुसरी. पहिला आदेश रद्द होईपर्यंत जिवंत असतो आणि काळ गेला की बऱ्याचदा पक्का होतो. दुसरा मुळातच निर्जीव. राखीव वन, तलाव, गायरान यांच्या बाबतीत न्यायालयं बहुधा दुसऱ्या खणात पाहतात, म्हणून कोंढव्याच्या वाटपाला २७ वर्षं झाली होती तरी ते टिकलं नाही.

नुसत्या ताब्याचंही असंच. खासगी जमिनीवर १२ वर्षं उघडपणे, मालकाच्या विरोधात ताबा ठेवला तर मालकाचा हक्क संपू शकतो. सरकारी जमिनीला ती मुदत ३० वर्षं आहे, आणि सिद्ध करायचं ओझं ताबा सांगणाऱ्यावर. शिवाय ज्याला सरकारनेच जमीन दिली, तो ‘मी सरकारच्या विरोधात ताबा ठेवला’ असं सहजासहजी म्हणूच शकत नाही.

## ‘इमारत उभी आहे, आता दंड घ्या आणि सोडा’

हा युक्तिवाद प्रत्येक प्रकरणात येतो, आणि तो मान्य करणं सगळ्यात धोक्याचं आहे. कारण मग जो जास्त वेगाने, जास्त मोठं बांधेल, तो जास्त सुरक्षित.

पंजाबमध्ये पटियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावच्या तळ्यावर काही जणांनी भराव टाकून घरं बांधली. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना हटवण्याऐवजी जमिनीची किंमत वसूल करून ती त्यांनाच द्यायचा मार्ग काढला. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला. खूप वर्षं झाली, बांधकामावर खूप खर्च केला किंवा वर ओळखी आहेत, यातलं काहीही गावच्या सामाईक जमिनीवरचा बेकायदा ताबा नियमानुकूल करायला पुरेसं कारण नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि सगळ्या राज्यांना अशा जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला सांगितलं. महाराष्ट्र सरकारने १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला, तो याच निकालावरून.

लखनौचं उदाहरण तर आणखी ठसठशीत. तिथल्या महापालिकेने झेंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधायचं काम निविदा न काढता एका बिल्डरला दिलं होतं. बांधकाम बरंच पुढे गेलं होतं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडून बाग पूर्ववत करायला सांगितलं.

## मग गरिबांच्या झोपड्यांवरही हाच न्याय?

नाही, आणि असूही नये. माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा कस इथे लागतो. गायरानावर एकीकडे रिसॉर्टचं कुंपण असतं, दुसरीकडे तीन पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्या भूमिहीन कुटुंबाची दोन एकर ज्वारी. दोन्हींना ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द लावला, की बुलडोझर आधी ज्वारीवर जातो, कारण तिथे वकील नसतो.

२०११ च्या त्याच निकालाने अपवाद ठेवले आहेत. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेला पट्टा असेल, किंवा त्या जागी आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमानुकूल करता येतं. महाराष्ट्रात त्याच्या बऱ्याच आधी, २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी गायरानावर कसायला घेतलेल्या जमिनी त्यांच्या नावे करायचं ठरवलं होतं. मराठवाड्यातल्या अनेक दलित कुटुंबांनी त्यासाठी लढे दिले. ज्यांचा हक्क या निर्णयात बसतो, त्यांच्या फाईली कचेऱ्यांत अडकून राहिल्या म्हणून ते आज अतिक्रमक ठरत असतील, तर तो दोष त्यांचा नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानावरच्या दोन लाखांहून जास्त बांधकामांचा विषय आला आणि राज्यभर नोटिसा निघू लागल्या, तेव्हा गावोगाव जो घोर लागला, तो यामुळेच.

कोंढव्याच्या निकालानंतर आठवडाभरात, २२ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचा निकाल दिला. तिथे हा फरक स्पष्टपणे केलेला दिसतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलं कायद्याने वनंच, हे न्यायालयाने मानलं. पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी तिथे उभ्या राहिलेल्या वस्त्या, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि दिलेल्या जमिनी यांना एकदाच नियमित करण्याची वाट ठेवली. त्या तारखेनंतरची वाटपं मात्र तपासायची, का केली याची कारणं द्यायची, आणि कोणी केली त्या अधिकाऱ्यांची नावंही.

## आदेश काढणाऱ्याचं काय?

बहुतेक प्रकरणांत जमीन परत जाते, पैसे अडकतात, घरं जातात, आणि ज्याने आदेश काढला तो निवृत्त होऊन गेलेला असतो. न्यायालयात जाणारे असतात ते गावातले दोन-चार जण किंवा एखादी नागरी संघटना. कोंढव्याचं प्रकरणही अशाच एका संघटनेमुळे पुढे आलं. जनहित याचिका करायला स्वतःचं नुकसान झालेलं असावं लागत नाही, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी सोय आहे. पण वर्षानुवर्षं तारखा सांभाळायला लागणारा वेळ आणि पैसा त्यांनी आपल्या खिशातून घातलेला असतो.

कोंढव्याच्या निकालात न्यायालयाने सगळ्या राज्यांना विशेष तपास पथकं नेमायला सांगितलं. महसूल खात्याच्या ताब्यातली कोणती राखीव वनजमीन खासगी व्यक्तींना किंवा संस्थांना दिली गेली ते शोधायचं, ती परत घेऊन वनखात्याला द्यायची. परत घेणं जनहिताचं नसेल, तर जमिनीची किंमत वसूल करून ती वनवाढीसाठी वापरायची. यासाठी एका वर्षाची मुदत दिली होती. झुडपी जंगलाच्या निकालात त्याहून पुढचं पाऊल आहे. १९९६ नंतरच्या वाटपांचे प्रस्ताव केंद्राने विचारात घ्यायचे, ते नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यांवर वन कायद्याखाली कारवाई झाल्याची खात्री करूनच. म्हणजे जमिनीची फाईल पुढे सरकायची असेल, तर आधी सही करणाऱ्याची फाईल उघडावी लागेल. जिल्हा पातळीवर तपासाचं काय झालं, किती गट नंबर सापडले, किती परत घेतले, कोणावर कारवाई झाली, ही माहिती जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक यांच्या कार्यालयांत माहितीच्या अधिकारात कोणालाही मागता येते. अर्जाची फी दहा रुपये आहे.